लोकप्रिय संगीताचा प्रवाह कोणत्या अल्बमांनी वळवला?

श्रवणवेल, रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात पावसाळ्याचे चार महिने दर पंधरवड्याला एका संध्याकाळी एकत्र बसून ध्वनिमुद्रणे ऐकण्याचा आणि मग त्यांवर मोकळेपणाने बोलण्याचा उपक्रम चालतो. नाट्यगीते, बैठकीच्या लावण्या, भावगीते असे विषय होऊन गेले. यंदा सभासदांनी सुचवले आहे की, ज्यांच्यामुळे लोकप्रिय संगीताचा प्रवाह वळला असे पाच अल्बम निवडून ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकावेत. निवड माझ्याकडे सोपवली आहे आणि तिच्याबद्दल तुम्हा जाणकारांचे मत हवे आहे.

यादी करायला बसले तेव्हा पहिली अडचण कसोटीची आली. आपल्याला आवडणारे अल्बम, प्रचंड खपलेले अल्बम आणि प्रवाह वळवणारे अल्बम या तीन याद्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. म्हणून मी एकच प्रश्न धरून चालले आहे : हा अल्बम आल्यानंतर इतर संगीतकारांच्या कामाची पद्धत बदलली का? बदलली असेल तर तो यादीत येतो. नसेल तर तो कितीही सुंदर असला तरी येत नाही.

अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी १९४८ साली बाजारात आणली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे, आणि लोकप्रिय गाण्याची लांबी बरीचशी तिथेच ठरून गेली. एका बाजूला वीस मिनिटे मिळू लागल्यावरच गाण्यांचा क्रम, त्यांचा परस्परसंबंध आणि एकसंध रचना यांचा विचार करण्यास वाव मिळाला. त्यामुळे माझी यादी त्यानंतरच्या काळातील आहे.

आतापर्यंत चार नावे पक्की वाटतात. बीटल्स या इंग्लिश संचाचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७), कारण जाहीर कार्यक्रम थांबवून महिनोन्‌महिने स्टुडिओत बसून अल्बम घडवता येतो, हे त्याने सिद्ध केले. क्राफ्टवर्क या जर्मन संचाचा ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ (१९७७), कारण त्यातील यंत्रसंगीत न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय तरुणांनी उचलले आणि १९८२ साली आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये त्याची धून नव्या ठेक्यावर अवतरली. मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ (१९८२), कारण त्यानंतर गाणे दिसणे हे गाणे ऐकू येण्याइतकेच महत्त्वाचे ठरले. आणि ए. आर. रहमान यांचा ‘रोजा’ (१९९२).

पाचवी जागा मी मराठीसाठी मोकळी ठेवली आहे. राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ मध्ये आलेला ‘शिवकल्याण राजा’ माझ्या मनात आहे. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत, लताबाईंचा स्वर, बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन आणि समर्थ रामदास, कवी भूषण यांच्यापासून कुसुमाग्रजांपर्यंतची काव्ये असा तो पूर्ण विचार करून बांधलेला अल्बम आहे. तो थोर आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु माझ्याच कसोटीला तो उतरतो का, याचा निर्णय होत नाही. कसोटी योग्य आहे का, आणि चारांपैकी कोणाला बदलावे, हेही कृपया सांगावे.

---

जुनीतबकडी, वेंगुर्ले

ताई, कसोटी मला मान्य आहे, आणि तीच लावली तर ‘सार्जंट पेपर्स’ऐवजी त्याच संचाचा आदल्या वर्षीचा ‘रिव्हॉल्व्हर’ (ऑगस्ट १९६६) घ्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

‘सार्जंट पेपर्स’ची कीर्ती कशावर उभी आहे ते पाहा. गाणी एकमेकांत मिसळत जातात, वेष्टनावर गाण्यांचे शब्द छापलेले आहेत, संपूर्ण अल्बम एका काल्पनिक बँडच्या नावाने सादर झाला आहे. ही सगळी मांडणीची थोरवी झाली. ध्वनीच्या दृष्टीने जे धाडस करायचे ते ‘रिव्हॉल्व्हर’च्या शेवटच्या गाण्यात होऊन गेले होते. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे जवळजवळ पूर्णपणे एकाच स्वराच्या आधारावर उभे आहे. आपल्याला तानपुऱ्यामुळे त्यात विशेष वाटणार नाही, पण दर दोन ओळींना कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, बदलण्याची सवय असलेल्या पाश्चात्त्य पॉपमध्ये ही गोष्ट नवीन होती. त्यावर फितीचे तुकडे जोडून केलेली वेटोळी उलटसुलट वेगाने वाजवून मिसळली आहेत. ध्वनिमुद्रणाची फीत हे घडलेले गायन टिपण्याचे साधन न राहता स्वतःच वाद्य झाली, आणि आज संगणकावर तुकडे जोडून गाणे रचणारा प्रत्येक जण त्याच वाटेने चालतो आहे.

याच अल्बममध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनचे ‘लव्ह यू टू’ हे गाणे आहे. त्यातील तबला अनिल भागवत यांनी वाजवला आहे आणि त्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापलेले आहे. तुमच्या श्रोत्यांना हे अवश्य सांगा. मराठी आडनावाचा एक तबलजी बीटल्सच्या वेष्टनावर आहे, हे ऐकल्यावर मागच्या रांगेतले लोकही सावरून बसतील.

ही वळणे एकट्याने घडत नाहीत, हेही त्या संध्याकाळी मांडता येईल. बीटल्सचा ‘रबर सोल’ १९६५च्या अखेरीस आला. तो ऐकून अमेरिकेत बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने ‘पेट साउंड्स’ (१९६६) घडवला. आणि ‘पेट साउंड्स’चा ‘सार्जंट पेपर्स’वर किती प्रभाव होता, हे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने अनेकदा सांगितले आहे. चार-चार ट्रॅकच्या, म्हणजे चारच स्वतंत्र थर साठवणाऱ्या यंत्रांवर, आधीचे थर एकत्र करून जागा मोकळी करत, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या तंत्रज्ञांनी हे काम केले. एवढी अडचण सोसून केलेले काम ऐकताना ती अडचण ठाऊक असली, तर कान अधिक सावध होतो.

तुमच्या कसोटीचे महत्त्व पटवणारे उलटे उदाहरण मात्र आपल्या मुंबईतले आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. रोलँड कंपनीची टीबी-३०३ (खर्जाचे स्वर देणारे) आणि टीआर-८०८ (ठेका देणारे) ही इलेक्ट्रॉनिक यंत्रे वापरून त्यांनी भैरव, ललत, तोडी अशा रागांना अखंड ठेक्यावर बसवले. शिकागोमध्ये १९८७ साली त्याच टीबी-३०३ यंत्रातून ‘अॅसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार उदयाला आला, तेव्हा आधीची ही तबकडी तिकडे कोणाला माहीत असल्याचा काहीही पुरावा नाही. भारतातही ती फारशी कोणी ऐकली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली आणि जगभरचे लोक थक्क झाले. सिंग यांची प्रतिभा निर्विवाद आहे, तरीही या अल्बमने प्रवाह वळवला असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्या मागून त्या वाटेने कोणी आलेच नाही. हा अल्बम पाचांत न घेता प्रस्तावनेत ऐकवावा, अशी माझी सूचना आहे.

---

मांडवाकिनारा, अलिबाग

वरील विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु आपण तबकडीकडे पाहताना ती वाजवणाऱ्या साधनाकडे दुर्लक्ष करत आहोत. कोकणातल्या किती घरांत १९६७ साली लाँग प्ले तबकडी वाजत होती? वीजच अनेक गावांत नव्हती. आपल्याकडे संगीत पोहोचले ते रेडिओवरून, आणि घरात आले ते ऐंशीच्या दशकात, कॅसेटमधून. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी आणि आखाती देशांत कामाला गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या मंडळींनी टेपरेकॉर्डर आणले. तो सेलवर चालत असे आणि होडीतही नेता येत असे.

फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्येच आणली होती. भारतात तिचा खरा प्रसार झाल्यावर ग्रामोफोन कंपनीची अनेक दशकांची मक्तेदारी मोडली, कारण तबकडीचा कारखाना उभारण्यास लागणाऱ्या भांडवलाच्या अल्पशा भागात कॅसेटच्या प्रती काढता येत होत्या. त्यामुळे ज्यांच्यासाठी मोठ्या कंपनीचे दार कधी उघडले नसते, असे गायक एकदम घराघरांत पोहोचले. प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांची लोकगीते, भीमगीते, विठ्ठलाची गाणी आणि आमच्या किनाऱ्यावरची कोळीगीते हे त्याचे ठळक पुरावे आहेत.

कोळीगीताचे उदाहरण जरा विस्ताराने मांडतो. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि लताबाई व हेमंतकुमार यांचे स्वर लाभलेले ‘मी डोलकर’ हे गाणे तबकडीवर आले, तेव्हा समुद्रकाठचा ठेका मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचला. ते गाणे अतिशय सुंदर आहे आणि आजही आमच्या हळदीला वाजते. पण ती कोळीवाड्याबाहेरच्या प्रतिभावंतांनी केलेली निर्मिती होती. पुढे कॅसेटच्या काळात ‘वेसावकर आणि मंडळी’ यांच्यासारखे संच पुढे आले, तेव्हा कोळीवाड्यातील माणसांनी स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या लग्नातल्या प्रसंगांवर गायलेली गाणी बाजारात आली आणि ती राज्यभर वाजली. त्यानंतर आगरी-कोळी गीतांचे जे स्वतंत्र विश्व उभे राहिले, ते आजही थांबलेले नाही. तुमच्या कसोटीला यापेक्षा चोख उत्तर मला दिसत नाही.

आणखी एक सुचवतो. ‘थ्रिलर’च्या जागी पाकिस्तानी गायिका नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ (१९८१) घ्यावा. ‘कुर्बानी’तील त्यांचे गाणे १९८० मध्ये गाजले तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, पुढच्याच वर्षी संगीतकार बिद्दू यांच्यासह त्यांनी चित्रपटाशी संबंध नसलेला हा अल्बम केला आणि तो भारत व पाकिस्तान दोन्हीकडे लोकांनी डोक्यावर घेतला. चित्रपटाच्या आधाराशिवायही हिंदी पॉप गाणे खपू शकते, ही गोष्ट व्यापाऱ्यांना इथे प्रथम पटली. नव्वदच्या दशकातील सगळी ‘इंडीपॉप’ लाट याच्यानंतरची आहे.

---

डबलबारी, कुडाळ

कोकणापुरता पुरावा शोधायचा असेल तर भजनाच्या बारीत बसा, असे मी सुचवीन. आमच्या सिंधुदुर्गात दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर बारी रंगवतात. रूपाचा अभंग, मग अभंग, गौळण आणि शेवटी गजर असा क्रम असतो. अभंगाची चाल बहुधा परंपरेतली किंवा रागदारीतली असते, परंतु गजराला बुवा त्या वर्षी लोकांच्या ओठांवर असलेली चाल बेमालूम बसवतात. पखवाज, झांज आणि कोरस यांच्यासह ती इतकी निराळी होते की मूळ गाणे ओळखायला क्षणभर वेळ लागतो. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुऱ्याच्या जाखडीतही हेच घडते.

म्हणून कोणत्या गाण्याने लोकांच्या कानात घर केले, हे बारीत लगेच कळते. एक फरक मात्र नोंदवावासा वाटतो. गजरात जाते ती चाल; ‘रोजा’नंतरच्या गाण्यांत जी ध्वनीची थरावर थर चढवलेली रचना आहे, ती पेटी-पखवाजावर येत नाही. त्यामुळे खुद्द त्या चाली बारीत कमी उतरल्या. नव्या संगीताने चालीवरचा भार ध्वनीवर नेला, असे मला त्यातून दिसते, आणि म्हणून ‘रोजा’ यादीत असायलाच हवा.

---

मांडवीकाठ, पणजी

‘रोजा’च्या मुद्द्याला मी गोव्याच्या बाजूने जोड देतो, कारण त्या बदलाची झळ आमच्या लोकांना थेट लागली.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवले जाई. त्या शिक्षणावर पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकीय वादक मुंबईला गेले. संगीतकार चाल सांगत असत. ती लिहून काढणे, तिला हार्मनी देणे, कोणत्या व्हायोलिनने कुठे उठाव घ्यायचा हे ठरवणे, ही कामे सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांसारखे संयोजक करत. गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांचे शिष्य. हिंदी चित्रपटगीताचा तो भरदार वाद्यमेळ म्हणजे एका मोठ्या खोलीत अनेक वादकांनी एकाच वेळी वाजवलेले संगीत होते, आणि एकाचा स्वर चुकला तर सर्वांना पुन्हा सुरुवातीपासून वाजवावे लागे.

रहमान यांनी चेन्नईत स्वतःच्या घराशेजारील स्टुडिओत वेगळीच पद्धत रुजवली. प्रत्येक वादक स्वतंत्रपणे येतो, आपला भाग वाजवतो, आणि संगीतकार ते भाग संगणकावर एकत्र आणून गाणे नंतर घडवतो. सिंथेसायझर त्याआधीच आले होते हे खरे, पण ही पद्धत यशस्वी होते हे ‘रोजा’ने साऱ्या देशाला दाखवले. पुढच्या दहा वर्षांत मुंबईचे मोठे वाद्यवृंद ओस पडत गेले आणि त्यांच्यावर जगणारी अनेक कुटुंबे दुसऱ्या उद्योगाला लागली. हा अल्बम मला मनापासून आवडतो; तरीही तुमच्या कार्यक्रमात या वादकांचा उल्लेख झाल्याशिवाय ‘रोजा’ ऐकवला जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

स्वतंत्रपणे काम करण्याची एक निराळी वाट आमच्या शिवोलीतही निघाली होती. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केला. वाद्ये त्यांनीच वाजवली आणि कॅसेटची विक्रीही स्वतःच फिरून केली. आज प्रत्येक तरुण खोलीत बसून गाणे तयार करतो आणि स्वतःच ते लोकांपर्यंत नेतो, त्यामुळे हे सहज वाटते. त्या काळी कंपनीशिवाय अल्बम काढणे जवळपास कोणाच्या कल्पनेतही नव्हते.

पाचव्या जागेबद्दल मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. ‘शिवकल्याण राजा’ मलाही प्रिय आहे, पण वळण त्याच्या एकोणीस वर्षे आधीच आले होते. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत. बावन्न गीतांची योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे ती छप्पन्न झाली. एक कवी, एक संगीतकार, एक सलग कथा आणि तिच्या प्रसंगांनुसार निवडलेले राग : लाँग प्ले तबकडीने युरोप-अमेरिकेत जे शक्य केले, ते इथे रेडिओच्या साप्ताहिक वेळेने शक्य केले. गोव्यात आम्ही ते पोर्तुगीज अमलातही रेडिओवर ऐकत होतो, असे घरातील वडीलधारी माणसे आवर्जून सांगत. त्यानंतर गदिमांनीच सी. रामचंद्र यांच्यासह ‘गीतगोपाल’ केले, इतरांनीही कथागीतांच्या मालिका रचल्या, आणि ‘गीतरामायणा’ची हिंदी, कन्नड, तेलुगू, कोकणी, संस्कृत अशा भाषांत त्याच चालींवर रूपांतरे झाली. ‘शिवकल्याण राजा’सुद्धा मला त्याच वंशातला वाटतो.

---

संधिप्रकाश, देवगड

‘रिव्हॉल्व्हर’च्या बाजूने एवढे बोलले गेले आहे, म्हणून दुसरी बाजू थोडक्यात मांडतो. ‘सार्जंट पेपर्स’ने श्रोत्याची सवय बदलली. त्याआधी गाणे निवडून वाजवले जाई. त्यानंतर लोक अख्खी तबकडी बसून ऐकू लागले, आणि संगीतकारांनी आपले काम त्या नव्या श्रोत्यासाठी आखले. ताईंचा कार्यक्रमच मुळात ‘सलग ऐकण्याचा’ आहे. मग ती सवय लावणारा अल्बम वगळणे योग्य होईल का?

त्याच सुमारास आपल्याकडे एच.एम.व्ही.च्या जी. एन. जोशी यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घडवला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस प्रहरांच्या रागांतून उभा केला. तो लोकप्रिय संगीतात मोडतो का, याबद्दल वाद होऊ शकतो. परंतु संतूर आणि गिटार सामान्य श्रोत्यापर्यंत नेण्याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

---

श्रवणवेल, रत्नागिरी

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या उत्तरांमुळे यादी बरीच बदलली आहे.

वेंगुर्ल्याच्या दादांचा युक्तिवाद मी स्वीकारते आणि पहिल्या संध्याकाळी ‘रिव्हॉल्व्हर’ घेते. देवगडकरांचा श्रोत्यांच्या सवयीचा मुद्दा मला बिनतोड वाटतो, पण मी कसोटी काम करणाऱ्यांच्या बाजूने धरली आहे आणि ती मध्येच बदलणार नाही. ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ राहील. त्याच्याआधी चरणजित सिंग यांचा एखादा राग ऐकवीन. ‘थ्रिलर’च्या जागी ‘डिस्को दीवाने’ येईल, कारण ‘थ्रिलर’चा परिणाम पडद्यावर अधिक दिसतो आणि आपण त्या संध्याकाळी केवळ ऐकणार आहोत. ‘रोजा’च्या आधी सबॅस्टियन डिसोझा यांनी संयोजन केलेले एखादे गाणे लावून दोन्ही पद्धतींतील फरक कानांनाच कळू देईन. पाचव्या जागी ‘गीतरामायण’ येईल. ते रूढ अर्थाने अल्बम म्हणून जन्मले नाही, तरी कसोटीला सर्वांत स्वच्छपणे तेच उतरते.

अलिबागच्या दादांना विनंती : कोळीगीतांच्या त्या काळातील मूळ कॅसेट आपल्याकडे किंवा परिचितांकडे असल्यास कळवावे. एका अल्बमपेक्षा तो मोठा विषय आहे, म्हणून सहावी संध्याकाळ त्यासाठी मागून घेतली आहे.

---

मांडवाकिनारा, अलिबाग

कॅसेट आहेत, आणि वाजणारा टेपरेकॉर्डरही आहे. फीत जुनी झाल्यामुळे आधी संगणकावर उतरवून घ्यावी लागेल, तेवढी मुदत द्यावी. एक अट मात्र घालतो : त्या संध्याकाळी ‘मी डोलकर’ आधी ऐकवावे आणि त्यानंतर लगेच कोळीवाड्यातील संचाचे गाणे लावावे. दोन्हींमध्ये ठेका कुठे सारखा आहे आणि बोली कुठे निराळी पडते, हे मी प्रत्यक्ष येऊन समजावून सांगेन.